काचेवरची काई

आमच्या उर्दू शाळेत सहावीला विज्ञान शिकवताना 'शेवाळ' हा शब्द फळ्यावर लिहिला की निम्मी मुले गोंधळतात. 'काई' म्हटले की लगेच माना डोलतात. काई सगळ्यांनी पाहिलेली असते. वजूच्या हौजाच्या काठावर, अंगणातल्या टाकीत, रांजणाच्या आतल्या अंगाला. मुलांच्या लेखी काई म्हणजे घाण, सुटीच्या दिवशी अम्मीने घासायला लावलेले काम. मीही बरीच वर्षे तेवढेच समजत होतो. पुढे माझ्या घरातल्या एका काचेच्या पेटीने हा शब्द मला नव्याने शिकवला आणि त्याच्यासोबत एक प्रश्न गळ्यात घातला. आपल्या हौसेने आपण एखादा जीव घरात आणला, आणि त्याला नीट जगवायचे तर शेजाऱ्याच्या वाट्यातले काहीतरी खर्ची पडते असे दिसले, तर माणसाने काय करावे? हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पण त्याच्याभोवती मी इतक्या फेऱ्या घातल्या आहेत की त्या लिहून काढाव्यात असे वाटले.

पेटी माझी नव्हे. माझे थोरले भाऊ, भाईजान, सात वर्षे जिद्द्याला होते. तिथे त्यांना तांबड्या समुद्रातल्या माशांचे वेड लागले. 2017 साली ते कायमचे परतले तेव्हा लोक आणतात तसे सोने, कंबल, खजूर यांच्याबरोबर त्यांनी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचे सामानही आणले. पंप, दिवे, पाण्याची घनता मोजायचे उपकरण, मिठाची पाकिटे. पेटी मात्र इथेच बनवून घेतली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. अडीचशे लिटरच्या आसपास पाणी मावेल एवढी. त्यात सुके दगड रचले, पांढरी वाळू पसरली आणि महिनाभर नुसतेच पाणी फिरवत ठेवले. मग पुण्याहून केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश आणि एक निळा डॅमसेल मासा आला. दुकानदाराने जिवंत पोवळे घेण्याचाही आग्रह केला होता. पण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. भाईजानना हे ठाऊक होते, त्यांनी नकार दिला.

बीडमध्ये समुद्र! इथून समुद्र साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर. आमच्या मोहल्ल्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो हजच्या वाटेवर विमानाच्या खिडकीतून पाहिला असेल तेवढाच. मी स्वतः लहानपणी मुंबईला मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो. 1951 साली सुरू झालेले ते मत्स्यालय समुद्राला लागून उभे होते. खारे पाणी हवे असेल तर रस्ता ओलांडला की झाले. आमच्याकडे समुद्र पाकिटातून काढावा लागतो. एक लिटर गोड्या पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास ते खास मीठ विरघळवायचे. म्हणजे आधी गोडे पाणी हवे, आणि तेही साधे चालत नाही.

2018 च्या सुरुवातीला भाईजानना पुण्यात नोकरी लागली. भाड्याच्या घरात चार फुटी पेटी कुठे ठेवणार? जाताना म्हणाले, "तू मास्टर आहेस, विज्ञान शिकवतोस, सांभाळ." अमानत म्हणून मी ती घेतली. त्या वेळी मला त्या शब्दाचे वजन कळले होते असे मात्र म्हणता येणार नाही.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा जिल्हा होताच. बीडच्या माणसाला दुष्काळ नवा नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, त्याची चर्चा देशभर झाली. पण लातूरला पाणी देणारे मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात धनेगावला आहे आणि ते कोरडे पडले तेव्हा आमचेही घसे कोरडे पडले होते, हे फारसे कुणी सांगत नाही. असो.

भाईजान पेटीसाठी वीस लिटरचे फिल्टरच्या पाण्याचे जार आणत. पेटीतले पाणी रोज उडते, उन्हाळ्यात चार-चार लिटर. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडते, म्हणून रोज वरून गोडे पाणी घालावे लागते. शिवाय आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे. डिसेंबरपासून जार महाग झाले, आणि खरे सांगायचे तर शेजारपाजारचे लोक घागरी घेऊन रांगेत उभे असताना जारचा रिक्षा माझ्या दारात थांबवणे जड वाटू लागले. मी विचार केला, मासेच तर आहेत. बोअरचे पाणी घालू आणि पाणी बदलणे बंद करू. माझ्या मते मी पाणी वाचवत होतो. नियत चांगली होती.

दोन महिन्यांत काई आली. आधी दगडांवर तपकिरी भुकटीसारखा थर, मग हिरवे केस. मुलींच्या वेणीतून सुटलेल्या बटा असाव्यात तसे लांब, मऊ, प्रवाहात हलणारे केस. मी घासून काढले. आठ दिवसांत परत आले. टूथब्रशने दगड घासले, नळीने शोषून घेतले, परत आले. घासताना जे तुकडे सुटतात ते पाण्यात तरंगून दुसऱ्या दगडाला चिकटतात आणि तिथे नवे मूळ धरतात, म्हणजे मी त्यांची लागवडच करत होतो. महिनाभर मी त्या काईचा एखाद्या वैऱ्यासारखा राग केला. शाळेतून आलो की आधी पेटीकडे बघायचे आणि चिडायचे. अम्मी म्हणायची, "मछली पाला की काई पाला रे तूने?"

शेवटी तपासणीचे रसायन मागवले. परीक्षानळीत थेंब टाकायचे आणि रंग जुळवायचा, एवढाच प्रयोग. बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे चाळीस मिलिग्रामच्या घरात निघाले. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45 आहे, म्हणजे आम्ही काठावरचे पाणी पितो. हे नायट्रेट शेतातल्या खतातून आणि गावच्या सांडपाण्यातून जमिनीत मुरते. आता हिशेब बघा. रोज चार लिटर पाणी घातले तर रोज 160 मिलिग्राम नायट्रेट पेटीत गेले. पाणी उडाले, नायट्रेट राहिले. पेटीत दगड वजा जाता सव्वादोनशे लिटरच्या आत पाणी. महिनाभरात लिटरमागे वीस-बावीस मिलिग्रामची भर. त्यात माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य. आमच्याकडे पाहुणा आला, मोहल्ल्यातली मुले आली, पुतणे आले की प्रत्येकाला मासे खाताना बघायचे असते. दिवसातून पाच-पाच वेळा खाद्य पडत होते. खाद्यातून फॉस्फेट येते. नायट्रेट, फॉस्फेट आणि बारा तास जळणारे दिवे. काईने यायचे नाही तर काय करायचे? मी खत घातले, पाणी दिले, ऊन दिले, आणि पीक आले म्हणून पिकाला शिव्या देत बसलो.

याहून मोठी गोष्ट मला नंतर उमगली. काई ते नायट्रेट आणि फॉस्फेट स्वतःच्या अंगात ओढून घेत होती. ती नसती तर ते सगळे पाण्यात राहून माशांना जाचले असते. जाणकार मत्स्यपालक तर पेटीच्या मागे वेगळा कप्पा करून त्यात मुद्दाम एक जातीचे शेवाळ वाढवतात, मूठभर उपटून फेकतात, म्हणजे घाण बाहेर जाते. मी जिला घाण म्हणत होतो ती घाण उचलण्याचे काम करीत होती. जो घाण उचलतो त्यालाच घाणेरडा म्हणायची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे. आम्ही मुसलमानही तिच्यातून सुटलो आहोत असे मी म्हणणार नाही. मोहल्ल्याची गटारे साफ करणाऱ्याला आमच्या किती घरांत घरातल्या पेल्यातून पाणी मिळते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

पण तेव्हा एवढा विचार सुचला नव्हता. तेव्हा मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही मला अजून बोचतात.

पहिली, गोगलगायी. पुण्याच्या दुकानदाराने उपाय सांगितला की पंधरा-वीस शंखातल्या गोगलगायी सोडा, त्या काई खातात. या धंद्यात अशा जिवांना 'सफाई पथक' म्हणतात. मागवल्या. पिशवीत ऑक्सिजन भरून रात्रीच्या बसने आल्या. आणि काय काम केले त्यांनी! रात्री टॉर्च लावून बघावे तर दगडावर, काचेवर, पंपावर, सगळीकडे त्या सरकत आहेत आणि त्यांच्या मागे स्वच्छ पट्टा उमटतो आहे. तीन आठवड्यांत दगड पांढरे झाले. मी खूश. आल्यागेल्याला पेटी दाखवू लागलो. मग काई संपली. म्हणजे त्यांचे अन्न संपले. मासे दिलेले खाद्य वरच्या वर पकडतात, गोगलगायीपर्यंत काही पोचत नाही. त्या एकेक करून वाळूवर उलट्या पडू लागल्या. माझ्या लक्षात आले तोपर्यंत सात-आठ मेल्या होत्या, दगडांच्या फटीत कुजत होत्या. त्या कुजण्यातून अमोनिया, अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट. पुढच्या महिन्यात काई परत आली. या वेळची काई त्या गोगलगायींची होती. निळा डॅमसेल याच धकाधकीत गेला.

दुकानदाराला फोन केला तर तो सहज म्हणाला, "सर, त्या तशाच असतात. पुन्हा पंधरा पाठवू का?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. मी बीड जिल्ह्यातला माणूस आहे. दिवाळीच्या सुमाराला आमची गावे रिकामी होताना मी जन्मापासून पाहतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. दोन माणसे, हिशेबात एक हत्यार. ट्रॅक्टर, बैलगाड्या, वर भांडीकुंडी आणि भांड्यांवर बसलेली मुले. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फड उभा असेपर्यंत त्यांची गरज. ऊस संपला की 'या आता'. मधल्या दिवसांत कुणी आजारी पडले, कुणाची कूस रिकामी झाली, कुणाच्या पोराचे वर्ष बुडाले, हा कुणाच्याच हिशेबात येत नाही. पुढच्या हंगामाला दुसरे कोयते मिळतात. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावरही दरवर्षी नोव्हेंबरनंतर दोन-चार नावांपुढे गैरहजेरीची रांग लागते. त्या नावांची मला हळहळ वाटे. हळहळ सोपी असते. आणि इथे मी माझ्याच बैठकीच्या खोलीत, माझ्या पैशाने, नेमके तेच केले होते. कामापुरते बोलावले आणि काम संपल्यावर ते काय खातील याचा विचार केला नाही. गोगलगाय आणि माणूस यांची बरोबरी करतो आहे असा कुणी अर्थ काढू नये. बरोबरी माझ्या वागण्याची आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची.

बोअरच्या पाण्यावर इलाज म्हणून मी घरात आरओचे यंत्र बसवले. बीडच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की एक लिटर शुद्ध पाणी मिळवायला तीन लिटर बाहेर टाकावे लागते. आठवड्याला बदलायला पन्नास लिटर आणि उडालेले भरायला अठ्ठावीस, म्हणजे अठ्ठ्याहत्तर लिटर शुद्ध पाणी. त्यासाठी आणखी दोनशे चौतीस लिटर नाकारलेले पाणी. बेरीज तीनशे बारा. दिवसाला साधारण चव्वेचाळीस लिटर. 2019 च्या उन्हाळ्यात सरकारी टँकरचे खेड्यातले माप माणशी दिवसाला 20 लिटर होते. तीन मासे, त्यातला एक मेलेला, आणि त्यांच्यासाठी दोन माणसांपेक्षा जास्त पाणी.

आता यावर उत्तरे पुष्कळ आहेत आणि ती सगळी मी स्वतःला दिली. पहिले उत्तर उसाचे. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालाने सांगितले आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास ऊस आहे आणि सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या जवळपास पाणी तो पितो. मग माझ्या काचेच्या पेटीलाच का विचारता? दुसरे उत्तर असे की भाईजान जार आणत तेव्हाही कुठल्या तरी फिल्टर प्लँटच्या मागे तीनपट पाणी गटारात जातच होते. ते दिसत नव्हते एवढेच. तिसरे उत्तर, बोअर माझी, वीजबिल माझे. हे तिसरे उत्तर तर सरळ खोटे आहे. जमिनीखालचे पाणी कुणाच्या अंगणाची भिंत ओळखत नाही. आमच्या पूर्वजांना हे आमच्यापेक्षा जास्त कळत होते. बीडला येणारा प्रत्येक जण खजाना बावडी पाहतो. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली, सलाबतखानाचे नाव तिच्याशी जोडलेले. तिचे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून दूरच्या शेतमळ्यांना जात असे. पाणी एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या शिवारात जाते, हे गृहीत धरूनच ती खोदलेली आहे. मुलांची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा तिच्या पायऱ्यांवर काई होती. एका मुलाने विचारले, "सर, ये कोन धोता?" कुणीच नाही, मी म्हणालो. साडेचारशे वर्षे कुणी घासली नाही आणि लोकांनी पाणी प्यायले.

तर त्या नाकारलेल्या पाण्याची मी सोय लावली. बादल्यांत साठवायचे आणि मागेल त्याला द्यायचे. आमच्या मागच्या घरात एक खाला राहतात, बेवा आहेत, शिवणकाम करतात. त्यांच्याकडे बोअर नाही. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा. त्यांची मुलगी घागर घेऊन यायची, "भाई, अम्मी बोली, एक घागर पानी देते क्या?" आणि मी रोज दोन-दोन बादल्या द्यायचो. मनाला फार बरे वाटायचे. माशांचेही झाले आणि पुण्यही झाले.

पंधरा दिवसांनी खाला अम्मीजवळ सहज बोलून गेल्या, तक्रार म्हणून नव्हे, "आपा, इन दिनों में दाल नै गलती. लकडी बहुत जाती." अम्मीने मला विचारले, "तू उनको कौनसा पानी देता?"

जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हे मी सातवीला शिकवतो. पाण्याचे दुष्फेन आणि सुफेन असे दोन प्रकार, साबणाचा प्रयोग, सगळे. आधीच जड असलेल्या पाण्यातला गोड भाग माशांसाठी काढून घेऊन उरलेला साका मी त्या बाईला पिण्यासाठी, शिजवण्यासाठी देत होतो. ते काय पाणी आहे हे सांगितलेही नव्हते. सांगितले असते तर तिने धुण्याभांड्याला वापरले असते. मी लपवले नव्हते, सांगायचे सुचले नव्हते. कधीकधी वाटते की न सुचणे हे लपवण्यापेक्षा वाईट आहे, कारण लपवणाऱ्याला निदान आपण काय करतो ते माहीत असते. कुराणात खैरातीबद्दल ताकीद आहे की जी वस्तू स्वतः घेताना तुम्ही नाक मुरडाल, ती निवडून दुसऱ्याला देऊ नका. हे मला पाठ होते. मदरशात मार खाऊन पाठ केले होते.

मी खालांकडे जाऊन सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "बेटा, पानी था ना, बस." या वाक्याने मला जे वाटले ते लिहिता येणार नाही.

स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला. दीनियात शिकवणारे आमचे बुजुर्ग सहकारी म्हणाले, शौक करायला मनाई नाही. अबू उमैर नावाच्या लहान मुलाने एक पाखरू पाळले होते, ते मेले तेव्हा रसूलुल्लाहंनी (स.) त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली. पाखरू का पाळलेस असे म्हटले नाही. गणिताच्या सरांनी लगेच दुसरी रिवायत काढली. एका बाईने मांजर बांधून ठेवले, खायला दिले नाही, सोडूनही दिले नाही, त्या कारणाने ती अजाबात गेली. तिसऱ्याने वाहत्या नदीकाठीही वजूला जास्त पाणी घेऊ नये ही गोष्ट सांगितली. तिन्ही गोष्टी आम्हाला लहानपणापासून माहीत. पण आजवर मी त्या वेगवेगळ्या ऐकल्या होत्या. माझ्या बैठकीच्या खोलीत त्या तिन्ही एकाच वेळी येऊन बसल्या होत्या आणि एकमेकींशी भांडत होत्या. मांजराची गोष्ट म्हणते, बांधले आहेस तर पोस. नदीची गोष्ट म्हणते, पाणी वाया घालवू नकोस. पोसायचे तर पाणी जाते. पाणी वाचवायचे तर जीव जातो. यातून वाट काढणारा फतवा मागायला मी गेलो नाही. कारण मूळ चूक दोन वर्षे आधी झाली होती, पिशवी पुण्याहून निघाली त्या दिवशी. चुकीच्या मुक्कामावर उतरलेल्या माणसाला सगळेच रस्ते थोडे लांब पडतात.

समुद्री शोभेचे मासे बहुतेक समुद्रातूनच पकडून आणतात. क्लाउनफिशची पैदास मात्र टाकीत करता येते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. आमचे दोन मासे टाकीत जन्मले की दगडांतून उपसून आणले, हे भाईजाननी विचारले नव्हते. समुद्रात सोडावेत तर समुद्र चारशे किलोमीटर, आणि तसे सोडणेही शहाणपणाचे नाही. 1984 साली भूमध्य समुद्रात मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या अगदी खाली कौलेर्पा टॅक्सिफोलिया नावाच्या शेवाळाचा एक ठिपका दिसला, फार तर एक चौरस मीटर. उष्ण समुद्रातली ही जात मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवली जात होती आणि त्यात थंडी सोसणारा वाण तयार झाला होता. ते आमच्याकडून गेले की आपोआप आले, यावर तिथले विद्वान वर्षानुवर्षे भांडत राहिले. तोपर्यंत ठिपक्याचे हजारो हेक्टर झाले. 2000 साली तेच शेवाळ कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडले. तिथे मात्र लोकांनी वाद घातला नाही. ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडले आणि 2006 साली ते समूळ गेल्याचे जाहीर केले. कुणाचे, हे ठरवण्याआधी हात घातला म्हणून साधले.

माझ्याकडूनही एक असाच ठिपका पडला. बदललेले खारे पाणी मी सुरुवातीला अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात ओतत असे. पाणी वाया जाऊ नये म्हणून! दीड महिन्यात पाने पिवळी पडली, मग गळाली. ते झाड अब्बांनी लावले होते. अब्बा जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. अम्मी रागावली नाही. वाळलेल्या फांदीला हात लावून म्हणाली, "तेरे समंदर ने मेरा झाड खाया." अजून लोणच्याचे दिवस आले की ती बाजारातून लिंबे आणते आणि माझ्याकडे न बघता आणते.

भाईजानना फोन केला. ते म्हणाले, देऊन टाक कुणाला, नाहीतर राहू दे, मरतील तेव्हा मरतील. मला दोन्ही जमले नाही. देणार कुणाला? खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणारा मला तरी बीडमध्ये कुणी माहीत नव्हता. मग मी जे केले ते फार मोठे नाही. चार फुटांची पेटी रिकामी केली. दोन मासे आणि उरलेल्या पाच गोगलगायी दोन फुटांच्या पेटीत हलवल्या, शंभर लिटरच्या आत पाणी. वर काचेचे झाकण केले, उडणारे पाणी लिटरभरावर आले. दिवे बारा तासांवरून सात तासांवर. खाद्य दिवसातून एकदा, चिमूटभर, आणि पाहुण्यांसाठी अजिबात नाही. पोरे नाराज झाली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला तेव्हा गच्चीच्या पागोळ्यांखाली मी दोन निळे ड्रम ठेवले. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून दिले, नंतरचे कापडातून आणि कोळशातून गाळून घेतले. पावसाच्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ नसते, ते माशांना चालले, आणि आरओची गरज पेटीपुरती तरी संपली. तिसरा ड्रम खालांच्या पत्र्याखाली बसवून दिला. आता त्यांची डाळ पावसाळाभर आणि पुढे काही दिवस तरी नीट शिजते.

काईचे म्हणाल तर ती आहे. समोरची काच मी जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो, बाजूच्या आणि मागच्या काचा तशाच सोडल्या आहेत. त्यांवर हिरवा मखमली थर आहे. गोगलगायी त्यावरच जगतात. त्या पाचांतल्या तीन अजून आहेत. एखाद्या महिन्यात थर जास्त दाट वाटला की मी समजतो माझा हात खाद्याला सैल झाला आहे, किंवा शाळेच्या परीक्षांच्या धांदलीत पाणी बदलायचे राहिले आहे. पूर्वी काई दिसली की मी ब्रश शोधायचो, आता वही काढून मागच्या पंधरा दिवसांत काय केले ते बघतो. वर्गातही असे करावे असे वाटते. एखादा मुलगा सारखा खोड्या करतो, गृहपाठ करत नाही, तर छडी शोधण्याआधी त्याच्या घरी काय चालले आहे ते बघावे. जमते असे नाही. साठ मुलांच्या वर्गात वही काढायला वेळ कुठे असतो?

एक गोष्ट मला अजून छळते. या सगळ्या खटाटोपानंतर माझी पेटी आधीपेक्षा चांगली चालते, मासे टवटवीत आहेत, आणि त्यामुळे बघणाऱ्याला वाटते की आपणही ठेवावी. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी मला पत्ता विचारला, सामान कुठे मिळते म्हणून. गृहस्थ हौशी होते, पैसेवाले होते. मी त्यांना लिंबाच्या झाडाची जागा दाखवली, डाळीची गोष्ट सांगितली, दिवसाला चव्वेचाळीस लिटरचा हिशेब मांडून दाखवला. ते म्हणाले, "पण सर, तुम्ही तर ठेवली आहे." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते असे की 'मी अडकलो आहे', आणि त्या शांत निळ्या उजेडात डुलणाऱ्या माशांकडे बघत हे वाक्य बोलले तर कुणाला खरे वाटणार? त्यांनी पुढे काय केले ते मी विचारले नाही.

क्लाउनफिश पेटीत दहा-पंधरा वर्षे सहज जगतात असे म्हणतात. आमचे दोघे 2017 चे. म्हणजे अजून काही वर्षे मला ही चाकरी आहे. नवा मासा आणायचा नाही, हे घरात ठरले आहे. पुतण्यांनी दोनदा हट्ट केला, अम्मीनेच परस्पर नाही म्हटले. खालांची नात आता पहिलीत आहे. ती सकाळी शाळेत जाण्याआधी येते, झाकण मी उचलतो, चिमूट ती टाकते. एकच. परवा तिने मागच्या काचेला बोट लावून विचारले, "मामू, ये हरा क्यूं नै पोंछते?" मी म्हटले, वो गोगलगाय का नाश्ता है. तिने दप्तर खाली ठेवले आणि गोगलगाय खाते का ते बघत तिथेच उकिडवी बसली. शाळेची घंटा झाली तरी उठेना.